गच्चीवरची पंधरा मिनिटं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर या जिल्ह्याच्या कोर्टात फौजदारी वकिली केली. ज्याच्या बाजूनं कुणी उभं राहायला तयार नसे, त्याचं वकीलपत्र ते घेत. त्यांच्या नावानं बोलायचं तर विषयही तसाच अवघड हवा, असं मला वाटलं. म्हणून आज मी एका पोलिसाच्या खुनाबद्दल बोलणार आहे. सोळा वर्षांच्या मुलानं गोळी झाडली, कर्तव्यावरचा पोलीस जागच्या जागी गेला, आणि त्या गोळीसाठी फासावर चढला तो दुसराच एक मुलगा. खटला इंग्लंडमधला आहे, सत्तर वर्षांहून जुना आहे. तरी तो इथं आणावा असं वाटलं, कारण पोलीस मारला जातो तेव्हा सरकार स्वतःच दुखावलेला पक्ष असतं. फिर्याद सरकारची, तपास सरकारचा, खटला चालवणार सरकार, आणि शेवटी दयेचा अर्ज वाचणारंही सरकारच. मग अशा वेळी दुःखाचा आणि न्यायाचा हिशेब वेगळा ठेवायचा कुणी?

आधी घडलं काय ते सांगतो. लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन नावाचं उपनगर आहे. तारीख २ नोव्हेंबर १९५२, रविवारची रात्र, नऊ वाजून गेलेले. टॅमवर्थ रोडवर चॉकलेट-गोळ्यांचा ठोक व्यापार करणाऱ्या एका कंपनीचं गोदाम होतं. त्याच्या फाटकावरून दोन मुलं आत उडी मारताना समोरच्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीनं खिडकीतून पाहिली. घरच्यांनी पोलिसांना कळवलं. मुलं पाण्याच्या पाइपावरून चढून गच्चीवर पोचली होती. एकाचं नाव ख्रिस्तोफर क्रेग, वय सोळा. दुसरा डेरेक बेंटली, वय एकोणीस. क्रेगच्या खिशात नळी कापून आखूड केलेलं रिव्हॉल्व्हर होतं. बेंटलीकडे एक चाकू आणि क्रेगनंच दिलेला लोखंडी फायटर.

डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल फ्रेडरिक फेअरफॅक्स त्याच पाइपावरून वर चढला आणि त्यानं बेंटलीला धरलं. बेंटली क्षणभर सुटला. त्याच वेळी तो ओरडला, असं पोलिसांचं म्हणणं : ‘लेट हिम हॅव इट, ख्रिस’. क्रेगनं गोळी झाडली, ती फेअरफॅक्सच्या खांद्याला चाटून गेली. जखमी फेअरफॅक्सनं बेंटलीला पुन्हा धरलं. आता इथून पुढचं नीट ऐका. दुसऱ्यांदा धरल्यानंतर बेंटली पळाला नाही. त्यानं खिशातल्या चाकूला हात लावला नाही, फायटर काढला नाही, झटापट केली नाही. गच्चीवर तो पोलिसाच्या शेजारी उभा होता. अशी सुमारे पंधरा मिनिटं गेली. मग जादा कुमक आली. कॉन्स्टेबल सिडनी माइल्स जिना चढून वर आला, त्यानं गच्चीचं दार उघडलं, आणि क्रेगची गोळी त्याच्या डोक्यात बसली. माइल्स बेचाळीस वर्षांचा होता. तो तिथंच गेला. गोळ्या संपल्यावर क्रेगनं गच्चीवरून सुमारे तीस फूट खाली उडी टाकली. त्याचा कणा आणि मनगट मोडलं, जीव मात्र वाचला.

ही दोन मुलं कोण होती? क्रेग बऱ्या घरातला. बाप बँकेत नोकरीला. पण अकराव्या वर्षापासून त्याला बंदुकांचा नाद. युद्ध संपून सात वर्षं झाली होती, सैनिकांनी आठवण म्हणून घरी आणलेली पिस्तुलं घरोघर पडून होती, आणि शाळकरी पोरं त्यांची अदलाबदल करत. चाळीस-पन्नास पिस्तुलं आपल्या हातांतून गेली, असं त्यानं कोर्टात सांगितलं. त्याच्या मोठ्या भावाला सशस्त्र दरोड्याबद्दल बारा वर्षांची शिक्षा झाली होती, आणि तीही या रात्रीच्या तीनच दिवस आधी. पोलिसांबद्दलचा राग त्यानं लपवला नाही.

बेंटलीची गोष्ट निराळी. लहानपणी पडून डोक्याला मार बसला, तेव्हापासून फिट्स येऊ लागल्या. युद्धात घरावर बॉम्ब पडला. शाळेत त्याचं काही जमलं नाही. किरकोळ चोरीपायी सुधारगृहात गेला, तिथं पंधराव्या वर्षी त्याची चाचणी घेतली : समज दहा वर्षांच्या मुलाएवढी आणि वाचनाची तयारी साडेचार वर्षांच्या मुलाएवढी. सक्तीच्या लष्करी नोकरीसाठी बोलावलं तेव्हा मानसिकदृष्ट्या अपात्र म्हणून परत पाठवलं. हे सगळं सरकारी कागदांवर होतं. ज्या सरकारनं त्याच्या हाती बंदूक द्यायला नकार दिला, त्याच सरकारनं त्याला दुसऱ्याच्या बंदुकीचा जबाबदार ठरवलं.

आता कायदा काय म्हणत होता ते पाहू. इंग्लंडमध्ये १९३३ पासून अठरा वर्षांखालच्या कुणालाही फाशी देता येत नव्हती. म्हणजे क्रेगला फाशी नाही, हे खटला उभा राहण्याआधीच ठरलेलं. मी या नियमाच्या बाजूनं आहे, आणि ते का, हे पुढं सांगतो. पण बेंटली अठराच्या पुढचा होता. दोघं मिळून गुन्ह्याला गेले आणि एकानं खून केला, तर दुसराही खुनी, असा कायदा होता. खून म्हटला की शिक्षा एकच, फाशी. त्यामुळे डिसेंबर १९५२ मध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत खटला उभा राहिला, तेव्हा विचित्र परिस्थिती झाली. ज्यानं गोळी झाडली त्याला फासावर देता येत नव्हतं, आणि ज्याला देता येत होतं तो गोळी झाडली तेव्हा पोलिसांच्या ताब्यात होता.

पोलिसाचा खून झालाय, वर्तमानपत्रांत रोज गुंड पोरांच्या बातम्या येतायत, लोक चिडलेले आहेत. अशा हवेत कुणाला तरी पुरती किंमत मोजायला लावायची, हे आधीच ठरून गेल्यासारखं होतं. मी हे आज बसून सहज म्हणतो आहे, असं समजू नका. त्या काळातही हे म्हणणारे लोक होते.

न्यायाधीश होते लॉर्ड गॉडर्ड, इंग्लंडचे सरन्यायाधीश, वय पंचाहत्तर. सरकारी वकील होते ख्रिसमस हम्फ्रीज. या गृहस्थांची वेगळी ओळख आपल्याकडच्या बौद्ध साहित्याच्या वाचकांना असेल. १९२४ साली लंडनमध्ये ज्यांनी बुद्धिस्ट सोसायटी स्थापन केली ते हेच हम्फ्रीज. खटला तीन दिवस चालला. बोलणं गच्चीवरच्या त्या एका वाक्याभोवती फिरत राहिलं. बेंटली म्हणाला, मी तसं काही बोललोच नाही. क्रेग म्हणाला, मी तसं काही ऐकलंच नाही. तीन पोलीस म्हणाले, आम्ही ऐकलं. त्या वाक्याचा अर्थ ‘गोळी घाल’ की ‘बंदूक देऊन टाक’, यावर इंग्रजांनी पुढं खूप शाई खर्च केली. मी त्या वादात शिरणार नाही. कारण ते वाक्य उच्चारलं गेलं असं धरलं, त्याचा वाईटात वाईट अर्थ घेतला, तरी मधली पंधरा मिनिटं उरतातच. अटकेत उभा असलेला माणूस, ज्याच्या खिशात हत्यार आहे आणि तो ते काढत नाही, त्याचा दुसऱ्याच्या बेतात किती भाग उरतो? ज्यूरीपुढं हा प्रश्न पूर्ण वजनानं ठेवायला हवा होता.

त्याऐवजी काय झालं? न्यायाधीशांनी समारोप करताना तो लोखंडी फायटर हातात घेऊन ज्यूरीला दाखवला. बेंटलीनं तो कुणावरही वापरला नव्हता. मग पोलिसांच्या साक्षीबद्दल बोलताना त्यांनी ज्यूरीपुढं असा पेच ठेवला : हे अधिकारी त्या रात्री जिवावर उदार होऊन लढले, आता यांनी संगनमतानं खोटी शपथ घेतली असं तुम्ही म्हणणार आहात का? या पेचावर मला थोडं थांबायचं आहे. ते पोलीस शूर होते, यात कुणालाच शंका नव्हती. फेअरफॅक्सला जॉर्ज क्रॉस मिळाला, त्याच्या साथीदारांना शौर्यपदकं मिळाली, आणि ती योग्यच होती. गोळ्या चालू असताना अंधारात पाइपावरून वर चढणं सोपं नाही. पण अंधारात, गोळीबारात, गोंधळात कानावर काय पडलं, याचा पुरावा शौर्य कसं होऊ शकेल? शूर माणूसही चुकीचं ऐकतो. शूर माणसालाही आपला सहकारी डोळ्यांदेखत मेल्यावर आठवण वेगळी घडते. शौर्याचा मान वेगळा आणि साक्षीची कसोटी वेगळी. या दोन गोष्टी एकत्र केल्या की ज्यूरीसमोर एकच वाट उरते : साक्षीवर शंका घ्यायची म्हणजे शूरवीराला खोटारडा म्हणायचं. कोणता सामान्य नागरिक तसं म्हणेल?

बेंटलीची समज किती, हे ज्यूरीला सांगितलंच गेलं नाही. पोलीस ठाण्यात घेतलेली त्याची जबानी पुराव्यात होती. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ती त्यानं स्वतः, कुणी प्रश्न न विचारता सांगितली होती. कितीतरी वर्षांनी माल्कम कूलथर्ड या भाषाशास्त्रज्ञानं ती तपासली, आणि तिची वाक्यं या निरक्षर मुलाच्या बोलण्यापेक्षा पोलिसी दप्तराच्या वळणाची आहेत, असा निष्कर्ष काढला. आपल्याकडच्या जबान्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

ज्यूरीनं सव्वा तास विचार केला. दोघंही दोषी. बेंटलीबद्दल मात्र ज्यूरीनं दयेची शिफारस केली. क्रेगला बेमुदत कैद, बेंटलीला फाशी. १३ जानेवारी १९५३ ला अपील फेटाळलं गेलं. राहिला तो गृहमंत्र्यांचा निर्णय. गृहमंत्री होते सर डेव्हिड मॅक्सवेल फाइफ. न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझींची उलटतपासणी घेणारे वकील, युरोपच्या मानवी हक्क कराराचा मसुदा घडवणारे एक प्रमुख हात. त्यांच्यासमोर ज्यूरीची शिफारस होती, मुलाच्या मानसिक अवस्थेचे अहवाल होते. दोनशेहून अधिक खासदारांनी सह्या करून निवेदन दिलं. संसदेत चर्चा मागितली, तर सभापतींचं उत्तर आलं की शिक्षेची अंमलबजावणी होईपर्यंत यावर चर्चा होऊ शकत नाही. म्हणजे माणूस मेल्यावर बोला. आदल्या रात्री अन्यूरिन बेव्हन यांच्यासह काही खासदार गृहमंत्र्यांना जाऊन भेटले. गृहमंत्री बधले नाहीत.

२७ जानेवारीला बेंटलीनं आईवडिलांना पत्र लिहवून घेतलं. लिहवून घेतलं, कारण त्याला स्वतःला लिहिता येत नव्हतं. तुरुंगातला शिपाई लिहीत होता आणि हा सांगत होता. त्या पत्रात एक ओळ सायकलीच्या सांगाड्यांबद्दल आहे : बाबा, ते गंजू देऊ नका, कधीतरी उपयोगी पडतील. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता वाँड्सवर्थच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. बाहेर मोठा जमाव होता. फाशीची सूचना दारावर लावली, ती लोकांनी फाडली.

यानंतरची पंचेचाळीस वर्षं एका कुटुंबानं कशी काढली, ते थोडक्यात सांगतो, नाहीतर वेळ पुरणार नाही. वडील विल्यम यांनी पुस्तक लिहिलं. पुढं बहीण आयरिसनं लढा हाती घेतला. कायद्यात फरक पडू लागला : १९५७ च्या कायद्यानं गुन्हा करताना झालेला मृत्यू आपोआप खून मानण्याची जुनी रीत मोडली आणि कमकुवत मनःस्थितीचा बचाव मान्य केला. १९६४ ला इंग्लंडमध्ये शेवटची फाशी झाली आणि १९६५ ला खुनासाठीची फाशी स्थगित केली गेली. पुढच्याच वर्षी लंडनच्या शेफर्ड्स बुशमध्ये तीन पोलीस मारले गेले, आणि फाशी परत आणा अशी हाक उठली. ती संसदेनं मानली नाही. १९६९ ला खुनासाठीची फाशी कायमची गेली. दुःखाच्या भरात कायदा बदलायचा नाही, एवढा शहाणपणा त्या समाजाला बेंटलीच्या मरणानं दिला, असं मला वाटतं. १९९३ साली बेंटलीच्या शिक्षेबद्दल मरणोत्तर माफी दिली गेली, पण दोषाचा ठपका राहिलाच. आयरिस १९९७ ला वारली. ३० जुलै १९९८ ला सरन्यायाधीश लॉर्ड बिंगहॅम यांच्या पीठानं दोषसिद्धीच रद्द केली. कारण काय दिलं? गॉडर्ड यांनी ज्यूरीला ज्या रीतीनं मार्गदर्शन केलं, त्यामुळे आरोपीला न्याय्य खटला मिळालाच नाही. एका सरन्यायाधीशानं दुसऱ्या सरन्यायाधीशाची चूक भर कोर्टात लिहून ठेवली. बहीण ती वाचायला उरली नव्हती.

आता क्रेग. मघाशी म्हटलं होतं की वयाच्या नियमाच्या बाजूनं मी का आहे ते सांगेन. क्रेग दहा वर्षं तुरुंगात राहिला, मे १९६३ मध्ये सुटला. प्लंबिंगचं काम करू लागला, लग्न केलं, आणि त्यानंतर त्याच्याबद्दल पोलिसांत काही गेलं नाही. १९९८ च्या निकालानंतर त्यानं निवेदन काढलं. त्यात माइल्सच्या कुटुंबाला आपल्या हातून जे भोगावं लागलं, त्याबद्दल त्यानं खेद व्यक्त केला. तो सोळाव्या वर्षी अत्यंत धोकादायक होता, यात शंका नाही. त्यानं माणूस मारला. पण सोळाव्या वर्षीचा माणूस हा शेवटचा माणूस नसतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. कायद्यानं त्याला वाचवलं ते बरोबर केलं. कायद्यानं चूक केली ती त्याच्याऐवजी दुसरा शोधण्यात.

आणि सिडनी माइल्स? या खटल्यावर इतकी पुस्तकं आली, सिनेमा आला, मोर्चे निघाले. त्यांत माइल्सला किती ओळी मिळाल्या? बायकोला मागं ठेवून तो गेला. शौर्यपदक मरणोत्तर मिळालं. आपल्या बाजूच्या माणसांनी, म्हणजे फाशीविरोधकांनी, त्याला बऱ्याचदा कथेतली एक घटना करून टाकलं, आणि हे मला बरोबर वाटत नाही. पण याचं मूळही त्या चुकीच्या फाशीतच आहे. सरकारनं माइल्सच्या नावानं अन्याय केला, म्हणून त्याचं नाव कायमचं अन्यायाशी जोडलं गेलं. न्याय्य खटला झाला असता, तर लोकांना माइल्सबद्दल निर्मळ मनानं दुःख करता आलं असतं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी दहशतवादी कसाबची बंदूक आपल्या अंगावर घेतली. हाती लाठी, समोर स्वयंचलित रायफल. या सभागृहातला एकही माणूस असा नसेल की ज्याला त्या रात्री राग आला नाही. खटल्यात बचाव पक्षानं म्हटलं, आरोपी अठरा वर्षांखालचा आहे. मग कोर्टानं काय केलं? वैद्यकीय तपासणी मागवली, साक्षी घेतल्या, आणि तो सज्ञान आहे असं ठरल्यावरच खटला पुढं गेला. ज्याच्याबद्दल साऱ्या देशाचं मन आधीच ठरलेलं होतं, त्याच्याही वयाचा प्रश्न आपल्या न्यायालयानं बाजूला सारला नाही. याचा मला अभिमान वाटतो. ओंबळे यांच्या बलिदानाला त्यामुळे काडीचाही कमीपणा आला नाही.

पण सगळीकडे तसं होत नाही. पुण्यात १९९४ साली एका घरात सात जणांचा खून झाला. ती घटना पुणेकर अजून विसरलेले नाहीत. त्या खटल्यात एका आरोपीला फाशी ठोठावली गेली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत ती कायम राहिली. वयाचा प्रश्न पुढं निघाला, पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली, राजस्थानातल्या शाळेची नोंद तपासली गेली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. साडेबारा. तोवर त्यानं अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता, त्यातला बराचसा फाशीच्या छायेत. शाळेची ती नोंद पहिल्या दिवसापासून तिथं होती. ती कुणी मागितली नाही.

दुसरी गोष्ट बेंटलीसारख्यांची. आपल्याकडे भारतीय दंड संहितेचं कलम चौतीस होतं, आता ते भारतीय न्याय संहितेत कलम तीन, पोटकलम पाच म्हणून आलं आहे. समाईक इराद्यानं केलेल्या कृत्यासाठी सगळे सारखेच जबाबदार. १९२३ साली कलकत्त्याच्या शंकरीटोला टपाल कचेरीत पोस्टमास्तरला गोळी घातली गेली. ‘मी बाहेर उभा होतो’ असं म्हणणाऱ्याचीही दोषसिद्धी प्रिव्ही कौन्सिलनं कायम केली, तेव्हापासून हे कलम भक्कम बसलं आहे. ते गरजेचं आहे, टोळ्यांच्या गुन्ह्यांत त्याच्याशिवाय चालत नाही. पण प्रत्येक फौजदारी वकिलाला माहीत आहे की आरोपपत्रात हे कलम किती सहज जोडलं जातं : सोबत होता, म्हणजे इरादाही सोबत होता. तो ताब्यात आल्यानंतर काय करत होता, थांबला होता की लढत होता, हे विचारलं जातं का?

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानं सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांना अतिगंभीर गुन्ह्यांत प्रौढांसारखं चालवण्याची वाट उघडली. तरीही फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही, एवढी मर्यादा त्यात ठेवली आहे. ती मर्यादा काढा, अशी मागणी दर मोठ्या घटनेनंतर उठते. उठू द्या, मागणी करणाऱ्यांचं दुःख खरं असतं. त्यांना उत्तर द्यायचं तर क्रेगची पुढली वर्षं आणि पुण्याचा तो निकाल हातात घेऊन द्यावं.

कायद्यानं वयाचा पुरावा कसा घ्यायचा तेही सांगून ठेवलं आहे : आधी शाळेचा किंवा परीक्षेचा दाखला, तो नसेल तर जन्माची नोंद, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. हे कागद मिळवायला वकिलाची हुशारी लागत नाही, चार दिवसांची धावपळ लागते. म्हणून इथं बसलेल्या वकील मंडळींना आणि पोलीस अधिकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. तरुण दिसणाऱ्या प्रत्येक आरोपीच्या बाबतीत, मग मेलेला माणूस पोलीस असो की आणखी कुणी, रिमांडच्या पहिल्या तारखेलाच हा दाखला मागवून घ्या. आरोपी बाहेरगावचा असेल, तर त्याच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना त्याच दिवशी पत्र पाठवा. आपल्या जिल्ह्याच्या वकील संघटनेनं यासाठी चार तरुण वकिलांची एक समिती नेमावी. तिच्या टपालाचा आणि प्रवासाचा पहिल्या वर्षाचा खर्च मी देतो, हे मी आजच अध्यक्षांना लेखी दिलेलं आहे.